परभणीतील जुन्या जिनांचे अवशेष : एक पायी पाहणी

इतिहासाच्या साधनांत सनदा, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणी यांना जो मान आहे, तो विटांच्या धुराड्याला अद्यापि मिळालेला नाही. देवळाची पडकी भिंत दिसली की आपण थांबतो, तिचे थर मोजतो, चुन्याची परीक्षा करतो. परंतु कापसाच्या जिनाची पडकी भिंत दिसली की "येथे आता दुकाने होणार" एवढे म्हणून पुढे जातो. प्रस्तुत लेखकही आयुष्याचा बराच काळ असाच पुढे जात असे. संस्कृत शिकविण्याच्या निमित्ताने ज्या रस्त्याने तीसांहून अधिक वर्षे जाणे-येणे झाले, त्या रस्त्यालगतच्या एका आवारातील धुराडे पाडले गेले, तेव्हा ते किती उंच होते, कोणत्या सालचे होते, त्याखाली काय चालत असे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. ही स्वतःविषयीची लाजच या पाहणीचे मूळ कारण होय.

कारखान्यांच्या अवशेषांचा अभ्यास हे आता एक मान्य शास्त्र आहे. इंग्लंडात मायकेल रिक्स या अध्यापकाने १९५५ साली 'औद्योगिक पुरातत्त्व' या अर्थाचा शब्द एका लेखात वापरून तो रूढ केला. त्या देशात लोखंडी पूल, कोळशाच्या खाणी व सुताच्या गिरण्या हे त्या शास्त्राचे विषय झाले. आपल्या परभणी जिल्ह्यास त्याचा विषय शोधावयास दूर जावे लागत नाही. काळी जमीन, कापूस, लोहमार्ग आणि या तिहींच्या संगमावर उभे राहिलेले जिन-प्रेस, हाच येथील यंत्रयुगाचा पहिला अध्याय आहे. तो पायी चालत कसा वाचावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

१. शब्द आणि वस्तू

'कापूस' हा शब्द संस्कृत 'कार्पास', प्राकृत 'कप्पास' यांवरून आला, हे सर्वश्रुत आहे. ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कापसाच्या सुताचे असावे असे मनूने सांगितले आहे. हाच शब्द पश्चिमेकडे जाऊन ग्रीक भाषेत 'कार्पासोस' व लॅटिनमध्ये 'कार्बासुस' असा झाला. वस्तूबरोबर तिचे नावही परदेशी गेले, यावरून या व्यापाराचे प्राचीनत्व ध्यानात येईल.

बोंडातून निघतो तो कापूस. त्यातील बी म्हणजे सरकी. सरकी काढून उरते ती रुई. हा भेद शेतकरी व व्यापारी कधीही चुकत नाहीत, शहरी लेखक मात्र वारंवार चुकतात. स्थूलमानाने कापसाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग रुई व दोन तृतीयांश भाग सरकी असतो. याचा अर्थ असा की, सरकीसह कापूस दूरदेशी पाठविणारा मनुष्य तीन गाड्यांपैकी दोन गाड्या बियांच्याच भरून पाठवितो. सरकी गावातच काढावी, तिचे तेल येथेच गाळावे, पेंड येथील गुरांना घालावी आणि रुई तेवढी बाहेर पाठवावी, हा हिशेब त्यातूनच निघतो. जिन शेताजवळ का असतो आणि सूतगिरणी दूर असली तरी का चालते, याचे उत्तर या एका प्रमाणात आहे.

सरकी काढण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत दगडी पाटावर लोखंडी रूळ फिरवून सरकी वेगळी करण्याचे दृश्य असल्याचे जर्मन विद्वान डीटर श्लिंगलॉफ यांनी १९७४ साली दाखवून दिले. पुढे दोन रुळांची लाकडी चरकी आली. ती घरोघरी बायका फिरवीत. १८४० साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने चामड्याच्या रुळाचे यंत्र काढले. खरबरीत चामड्याचा रूळ रुईचे तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली पोलादी पट्टी सरकीला अडविते आणि खालीवर होणारी दुसरी पट्टी तिला ठोकून खाली पाडते. एवढेच त्याचे मर्म. तंतू न तुटता सरकी सुटते, हा त्याचा गुण. लँकेशायरमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांनी ही यंत्रे हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर पाठविली. यंत्राच्या इंग्रजी नावावरूनच कारखान्याला 'जिन' हे नाव पडले. कामगारांच्या बोलीत मात्र यंत्राला 'रेचा' म्हणतात. रिकामे करणे या अर्थाचा रिच् धातू ज्याने घोकला आहे, त्याला हा शब्द प्रथम ऐकताना थबकावे लागते.

२. लोहमार्गाने काय केले

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. वऱ्हाड-खानदेशात लोहमार्ग होता, म्हणून तेथे जिन-प्रेस लवकर उभे राहिले. परभणीकडील कापसाला मात्र बैलगाडीखेरीज दुसरे वाहन नव्हते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले म्हणजे ती वाटही बंद होई.

ही स्थिती १९०० च्या सुमारास पालटली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हा मीटरमापी लोहमार्ग हैदराबादपासून नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद असा मनमाडला जाऊन मिळाला. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आणि या मार्गाचा आरंभ हे दोन्ही एकाच काळातले. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे व परभणीहून परळीकडे फाटे निघाले आणि परभणी व पूर्णा ही जंक्शने झाली.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मनमाडला मीटरमापी मार्ग संपे आणि मुंबईचा रुंदमापी मार्ग लागे. त्यामुळे प्रत्येक नग एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. सैल भरलेल्या बोऱ्याला डब्यात जागा फार लागते, हमालीही फार पडते, शिवाय ठिणगीची भीती. घट्ट दाबलेल्या गाठीला हे तिन्ही दोष कमी. म्हणून या मार्गावर नुसता जिन पुरेसा नव्हता. त्याच्या शेजारी प्रेस असणे अगत्याचे झाले. व्यापारी गाठ ३९२ पौंडांची धरीत, म्हणजे सुमारे १७८ किलोची; अशा दोन गाठींची एक खंडी, ७८४ पौंडांची. आज गाठ १७० किलोची झाली आहे, परंतु रुईचा भाव बाजारात अजूनही त्याच जुन्या खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर, बोलला जातो. इमारती पडल्या, माप मात्र टिकले.

मानवत रोड या स्थानकाच्या नावातही हाच इतिहास आहे. लोहमार्ग गावाला चुकवून गेला म्हणजे स्थानकाच्या नावापुढे 'रोड' लागे. मानवत ही कापसाची नामांकित पेठ. परंतु तिच्या गाठींना प्रथम बैलगाडीने स्थानक गाठावे लागे. सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही नावे नकाशावर ओळीने पाहिली म्हणजे कापसाची वाट डोळ्यांपुढे उभी राहते.

३. जिनाची अंगे

अवशेष ओळखावयाचे तर मूळ वस्तू कशी होती हे आधी माहीत असले पाहिजे. मंदिराची जशी गर्भगृह, अंतराळ, सभामंडप ही अंगे, तशीच जिनाचीही ठरलेली अंगे असत.

पहिले अंग आवार. कापूस उघड्यावर गंजी घालून ठेवावा लागे, म्हणून इमारतीपेक्षा मोकळी जागा कितीतरी पट मोठी असे. आजच्या बांधकाम करणाऱ्याचे लक्ष जिनांकडे जाते ते याच मोकळ्या जागेमुळे. दाराशी तोलकाटा आणि दिवाणजीची खोली. पलीकडे विहीर आणि हौद. बाष्पयंत्राला पाणी लागे आणि आग लागली तर त्याहून अधिक लागे. परभणी मोठ्या नदीच्या काठी वसलेले गाव नव्हे. म्हणून जिनाच्या आवारातील विहीर ही येथे चैन नसून पहिली गरज होती.

दुसरे अंग बाष्पघर व धुराडे. तिसरे, जिनघर : लांबट, पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराचा दिवाणखाना. त्यात उंच जोत्यावर रेच्यांची रांग आणि जोत्याखाली बोगद्यासारख्या चरात एक लांब लोखंडी दांडा. बाष्पयंत्र हा दांडा फिरवी आणि त्यावरील पट्टे प्रत्येक रेच्याला गती देत. पुढे बाष्पयंत्राच्या जागी तेलाचे इंजिन आले, त्यानंतर विजेची मोटार. परंतु चर व दांडा पुष्कळ ठिकाणी तेच राहिले.

चौथे अंग प्रेसघर. हे आवारातील सर्वांत उंच छत. पेटी भरून दाब देणारे यंत्र उभे असल्यामुळे उंची अपरिहार्य होई. येथे रुई दाबून, तरटात गुंडाळून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून गाठ बांधीत. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह व अनुक्रमांक घालण्याची सक्ती झाली. माती वा पाणी घालून वजन वाढविणाऱ्याचा माग लागावा, हा त्यामागील हेतू होता.

प्रेसघरात एक गोष्ट अवश्य पाहावी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २७ व्या कलमात अशी तरतूद होती की, रुई मोकळी करणारे यंत्र जेथे चालू आहे अशा कापूस-प्रेसमध्ये स्त्रियांना व मुलांना कामास ठेवू नये; मात्र यंत्राचे भरण्याचे तोंड आणि रुई बाहेर पडण्याचे तोंड यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षक ठरवील त्या उंचीपर्यंत भिंत असेल, तर भरण्याच्या बाजूस स्त्रियांना काम देता येई. प्रेसघराच्या मधोमध, छपराच्या रचनेशी न जुळणारी, मागाहून घातलेली भिंत दिसली, तर प्रथम या कलमाची आठवण करावी. कायद्याचे कलम विटांत उतरलेले पाहावयास मिळणे हा योग विरळा.

४. पायी पाहणीचा क्रम

परभणीत चालावयाचे तर आरंभ स्थानकापासून करावा. सकाळी लवकर निघावे. उन्हे चढल्यावर पत्र्याचे छप्पर आणि आकाश यांतील भेद डोळ्यांना कळत नाही. स्थानकाकडे पाठ करून उभे राहिले असता प्रथम मनात प्रश्न आणावा : गाड्या कोठून येत आणि गाठी कोठे जात? १९९० च्या दशकात या मार्गाचे रुंदमापी रूपांतर झाले. त्यामुळे मीटरमापी रूळ दिसणार नाहीत, परंतु मालधक्क्याची दिशा आणि त्याकडे येणाऱ्या रस्त्यांची रुंदी अजून बोलते. दोन भरलेल्या बैलगाड्या समोरासमोर आल्या तर सुखाने जाव्यात, एवढी रुंदी ज्या जुन्या रस्त्याला आहे, तो बहुधा कापसाचा रस्ता समजावा.

तेथून मोंढ्याकडे जावे. मोंढा म्हणजे मराठवाड्यातील धान्य-कापसाची पेठ. आडत्यांच्या दुकानांची मांडणी पाहावी : पुढे ओटा, मागे वखार, वर राहण्याची जागा. स्थानक आणि मोंढा ही दोन टोके धरून त्यांच्या दरम्यानची मोठी, सलग, एकाच कुंपणाची आवारे शोधावीत. जेथे जेथे अशी आवारे आहेत किंवा नुकतीच मोडली आहेत, तेथे तेथे जिनाचा संशय घ्यावा. कुंपणाची भिंत पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते, कारण नव्या मालकालाही तिचा उपयोग असतो.

भिंतीजवळ गेल्यावर विटा पाहाव्यात. जुन्या वाड्यांतील पातळ विटा आणि कारखान्यांतील नऊ इंची जाड विटा यांत चूक होणे शक्य नाही. सांध्यात चुना आहे की सिमेंट, हे नखाने खरवडले तरी कळते. तापलेल्या बाष्पघराजवळ भट्टीच्या पिवळट विटा मिळतात. त्या साध्या विटांत मिसळलेल्या दिसल्या, तर धुराडे पाडून त्याचेच सामान कुंपणाला लावले असे समजावे. मी पाहिलेल्या एका आवारात धुराड्याचा मागमूस नव्हता; परंतु शेजारच्या चहाच्या टपरीचा ओटा याच पिवळट विटांचा होता.

धुराडे उभे असेल तर त्याची उंची मोजण्यास यंत्र लागत नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) छायाव्यवहार सांगितला आहे, तोच येथे पुरतो. एक मीटरची काठी उभी धरावी. तिची सावली समजा ६० सेंटिमीटर पडली. त्याच क्षणी धुराड्याच्या सावलीचे टोक खुणेने निश्चित करावे. बुडाच्या मध्यापासून त्या टोकापर्यंतचे अंतर १५ मीटर भरले, तर धुराडे २५ मीटर उंच. अंतर बुडाच्या कडेपासून मोजल्यास बुडाची निम्मी जाडी मिळविण्यास विसरू नये. माझी पहिली मोजणी याच विसराने चुकली.

शेवटी लोखंड पाहावे. ओतीव लोखंडाच्या भागांवर करणाराचे नाव व गाव उठावाच्या अक्षरांत असते. ते या इमारतींचे शिलालेखच होत. एका आवारात रेच्यांचे पाय भंगारवाल्याच्या काट्यावर चढत असताना मी पोहोचलो. एका पायावर गंजाखाली 'ओल्डहॅम' एवढी अक्षरे स्पष्ट लागत होती. भंगाराच्या भावाने तो पाय मी विकत घेतला. तो कोठे ठेवावा हा प्रश्न घरी काही दिवस गाजला. सांप्रत तो अंगणात तुळशीशेजारी आहे. बाकीचे अकरा पाय त्याच सायंकाळी वितळण्यास गेले.

५. सन आणि नाणे यांची उकल

दारावरील दगडात, वह्यांत किंवा जुन्या भाडेपत्रात १३१९ यासारखा आकडा आढळला, तर नवखा वाचक त्याला शक समजून शतकांची किंवा हिजरी समजून काही वर्षांची चूक करील. निजामाच्या राज्यात कारभार फसली सनाने चाले. हैदराबादचे फसली वर्ष १ आजूर या दिवशी, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू होई. आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहेस्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर, आबान हे त्याचे बारा महिने. फसली सनात, ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरच्या तारखेसाठी ५९० आणि जानेवारीपासूनच्या तारखेसाठी ५९१ मिळविले की इसवी सन येतो. यावरून १३१९ फसली म्हणजे १९०९-१० होय.

'फसल' म्हणजे पीक. हे वर्ष पिकाच्या हिशेबासाठीच झालेले असल्यामुळे त्याचा एक फायदा जिनाच्या अभ्यासकाला होतो. कापसाची वेचणी, सरकी काढणे आणि गाठी बांधणे हा सारा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. म्हणजे तो एकाच फसली सालात मावतो. इसवी सनाप्रमाणे लावलेले आकडे एका हंगामाचे दोन तुकडे करतात. जुन्या वहीतील आकडे उतरून घेताना म्हणून फसली साल तसेच ठेवावे, इसवी सन त्याच्या शेजारी द्यावा.

नाण्याविषयीही सावध असावे. निजामी हाली रुपया आणि ब्रिटिश कलदार रुपया ही दोन नाणी व्यवहारात होती. सामान्यतः ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. स्थानिक मजुरी हालीत आणि मुंबईची विक्री कलदारात मांडलेली असल्यास, दोन्ही आकडे सरळ वजा करून नफा काढणाऱ्याचे गणित चुकलेच म्हणून समजावे.

६. माणसे

यंत्रांची माहिती लोखंडावरून मिळते. माणसांची माहिती माणसांनाच विचारावी लागते आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत. रेच्यावर कापूस घालण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे असे. तरुणपणी असे काम केलेल्या एका वृद्ध बाईंशी मी बोललो. मी त्यांना धुराड्याची उंची विचारली, तर त्या म्हणाल्या, "मास्तर, वर बघायला सवड कुणाला होती? आमचं समदं ध्यान पदराकडं." पदर पट्ट्यात सापडू नये म्हणून तो कसून खोचावा लागे. रुईची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे, तर श्वास कोंडे. हंगाम संपला की काम संपे. संध्याकाळी घरी जाताना केसांत रुई अडकलेली असे, म्हणून रस्त्यावरची पोरे 'म्हातारी आली' म्हणून चिडवीत. तेव्हा त्या विशीतही नव्हत्या.

हे येथे नमूद करण्याचे कारण असे की, जुन्या कारखान्यांविषयी लिहिताना वैभवाचे वर्णन करण्याचा मोह होतो. जिन हे वैभवाचे स्थान काहींना होते, कष्टाचे स्थान पुष्कळांना होते. दोन्ही गोष्टी त्याच भिंतींत घडल्या. भिंत राखावयाची ती दोहोंची साक्ष म्हणून.

७. ऱ्हासाची कारणे

गावातले जिन का बंद पडले, याचे 'कापूस राहिला नाही' हे उत्तर चुकीचे आहे. कापूस आहे; तो फक्त गावाबाहेर गेला.

पहिला फेर वाणाचा. मराठवाड्याचा गावराणी कापूस देशी जातींत उत्तम गणला जाई. परभणीच्या महबूब बाग प्रक्षेत्रावर १९१८ पासून कापसाचे संशोधन चालू झाले. १९७२ साली स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे पुढे हा वारसा आला. १९८० च्या दशकात नांदेड ४४ हा संकरित वाण गाजला आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर गावराणीचे क्षेत्र जवळजवळ मिटले.

दुसरा फेर व्यापाराचा. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याचा कापूस शासनाच्या वतीने घेतला जाई आणि जिनवाल्याला सरकी काढून गाठी बांधण्याची मजुरी मिळे. मालक व्यापारी होता तो मजुरीवाला झाला. जुन्या यंत्रांत नवे भांडवल घालण्याचे कारण त्याला उरले नाही. २००२ नंतर खाजगी खरेदी मोकळी झाली तेव्हा पुष्कळ यंत्रे दोन पिढ्यांची जुनी होती.

तिसरा आणि निर्णायक फेर तंत्राचा. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणास त्यातून अर्थसाहाय्य मिळाले. फरसबंद आवार, कापूस वाहून नेणारे पट्टे व नळ, दुहेरी रुळांचे रेचे, एकाच छताखाली प्रेस, मालमोटारींना वळण्यास जागा, अशी ही नवी रचना होती. ती दाट वस्तीतील जुन्या आवारात मावणे कठीण. म्हणून नवे जिन गावाबाहेर हमरस्त्यांवर उभे राहिले. जुन्या आवाराला मोल उरले ते जमिनीचे. आणि जी जागा एके काळी स्थानकाजवळ म्हणून कारखान्याला सोयीची होती, तीच आता स्थानकाजवळ म्हणून दुकानांना व घरांना सोयीची ठरली. सोय तीच, भोगणारा निराळा.

८. मुंबईचा धडा आणि आपले कर्तव्य

हीच कथा मुंबईत सहस्रपट मोठ्या प्रमाणावर घडली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची घडी पुन्हा बसली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन भाग कल्पिले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणीची इमारत उभी असलेली जमीन वाटणीतून सुटली आणि गिरणगावाला मिळावयाची मोकळी जागा आक्रसली. नियमातील एका शब्दाने केवढे अंतर पडते, याचे हे उदाहरण प्रत्येक नगराने गिरविण्याजोगे आहे.

परभणीत प्रश्न लहान आहे, म्हणूनच तो हाताळता येण्याजोगा आहे. प्रत्येक जिन राखावा असे कोणीही म्हणणार नाही. परभणीची महानगरपालिका २०११ साली झाली. नगर वाढणार, त्याला घरे व बाजार लागणारच. मालकालाही आपल्या जागेचे मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. परंतु पाडण्यापूर्वी मोजणे यास फारसा खर्च येत नाही. एका आवाराला दोन माणसे, एक फीत, एक वही आणि एक सकाळ पुरते. आराखडा, विटांचे माप, लोखंडावरील अक्षरे, विहिरीचे व चराचे स्थान, आणि तेथे काम केलेल्या एकातरी माणसाचे निवेदन, एवढ्या पाच गोष्टी टिपल्या तर इमारत गेली तरी इतिहास जात नाही.

याखेरीज कायद्याचा मार्गही आहे. १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्याला किमान १०० वर्षांचे वय लागते. लोहमार्गाच्या पहिल्या पिढीतील जिन त्या वयाला पोहोचले आहेत. त्याहून जवळचा मार्ग १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचा. त्यातील २२ व्या कलमाप्रमाणे नगराच्या विकास योजनेत ऐतिहासिक व शास्त्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते आणि योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या मुदतीत मोजमापासह दिलेला एक अर्ज, मुदतीनंतरच्या शंभर शोकलेखांहून अधिक उपयोगी पडतो. हे मी अनुभवाने सांगतो. आरंभी उल्लेखिलेल्या धुराड्याविषयी मी एका कचेरीत विचारणा केली, ती ते पडल्यानंतर. उत्तर आले की अशी वास्तू नोंदीत नाही. उत्तर खरेच होते. नोंद करावयास पाहिजे होती ती माझ्यासारख्यानेच, आणि त्यासाठी तीस वर्षे मिळाली होती.

स्थानक ते मोंढा या पट्ट्यातील उरलेल्या आवारांची वरील पाच कलमांची टाचणे मी तयार करू लागलो आहे. तीन पुरी झाली. चौथ्या आवाराच्या फाटकावर विक्रीची पाटी लागली आहे. तेथील धुराडे अजून उभे आहे. या जिल्ह्यातील सेलू, मानवत, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड येथील वाचकांनी आपापल्या गावी हेच काम हाती घ्यावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो. काठी आणि फीत बरोबर असावी, आणि सकाळी लवकर निघावे.